घरच्या टाकीत कॉरीची पिल्लं: पावसाच्या चाहुलीपासून दोन महिन्यांच्या माशापर्यंत

जूनमधली पहिली जोरदार सर येऊन गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायच्या आधी मी टाकीच्या काचा बघतो. एखादं वर्ष हुकतं, पण बहुतेक वेळा फिल्टरच्या जवळच्या काचेवर मोहरीएवढे फिकट दाणे चिकटलेले असतात. कुठे एकेक, कुठे चार-पाच मिळून. ती कॉरीची अंडी. दिवा बंद असताना, घर झोपलेलं असताना, कधी पहाटे तर कधी दिवस उजाडल्यावर ती घातली जातात.

कॉरी म्हणजे दक्षिण अमेरिकेतला छोटा मिशीवाला मासा. जेमतेम अडीच इंचांचा, अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांच्या दोन ओळी, खाली वळलेलं तोंड आणि सतत वाळू चिवडायची सवय. आपल्याकडे दुकानदार तो ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून देतात. मग लोक एकच आणतात, वेगळं खाणं घालत नाहीत आणि तो उपाशी, एकटा, कोपऱ्यात बसून राहतो. तो कचरा खात नाही. त्याला स्वतःचं खाणं लागतं आणि स्वतःची टोळी लागते. ही गोष्ट पटली की पैदाशीचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे अंड्यांनंतरचे तीन आठवडे, आणि या लेखाचा मोठा भाग त्यांच्यावरच आहे. अंडी बहुतेकांना मिळतात. पिल्लं फार थोड्यांची जगतात.

कोणता कॉरी घ्यायचा

पहिल्यांदा करणाऱ्याने ब्राँझ कॉरी घ्यावा, नाहीतर अल्बिनो. दुकानात जो गुलाबी-पांढरा, लाल डोळ्यांचा अल्बिनो मिळतो तो बहुधा ब्राँझचाच रंगहीन भाऊ असतो, जात एकच. या जातीचं शास्त्रीय वर्णन १८५८ मध्ये त्रिनिदादच्या माशांवरून झालं. जुनं नाव कोरिडोरास एनिअस. २०२४ मध्ये या कुळाची फेरमांडणी झाली आणि त्याला ऑस्टिओगॅस्टर या वंशात टाकलं गेलं, म्हणून हल्ली दोन्ही नावं दिसतात. मासा तोच.

दुसरा सोपा प्रकार पेपर्ड, म्हणजे अंगावर काळपट ठिपके-डागांचा. चार्ल्स डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून १८४२ मध्ये त्याचं वर्णन झालं. तो अर्जेंटिना-उरुग्वेकडचा, थंड पाण्याचा. पुणे, नाशिक, कोल्हापूर इथल्या हिवाळ्यात तो खुशीत असतो आणि माझ्याकडे डिसेंबर-जानेवारीतच अंडी घालतो. मुंबई, कोकण, गोवा किंवा विदर्भात राहत असाल तर पेपर्डच्या नादी लागू नका; मे महिन्यात त्याचे हाल होतात. तिथे ब्राँझच बरा. पांडा, स्टर्बाय वगैरे कॉरी सुंदर आहेत, पण ते दुसऱ्या वर्षी.

आपल्या बाजारात येणारे ब्राँझ आणि अल्बिनो बहुतेक बंगालकडचे किंवा चेन्नईकडचे, शेततळ्यांत वाढवलेले असतात. त्यामुळे ते आपल्या पाण्याला सरावलेले असतात, ही मोठी सोय. घेताना तीन गोष्टी बघा. मिशा पूर्ण आहेत का, पोट खपाटीला गेलेलं नाही ना, आणि वरचा पंख ताठ उभा आहे का. निळे-हिरवे-गुलाबी रंगवलेले अल्बिनो दिसले तर ते घेऊ नका. तो रंग निसर्गाचा नसतो, बहुधा सुईने टोचलेला असतो, आणि जगला तरी मासा त्या इजेतून सहज सावरत नाही.

जोडी म्हणून कॉरी विकत घेऊ नका. मी सुरुवातीला एका दुकानातून ‘तीन जोड्या’ म्हणून सहा मासे आणले. वर्षभराने वाढ पूर्ण झाल्यावर कळलं की त्यांत पाच नर होते. लहान वयात नर-मादी ओळखता येत नाही, हाच खरा मुद्दा. म्हणून आठ लहान मासे एकदम घ्या आणि वाढवा. आठांत दोन-तीन माद्या निघण्याची शक्यता चांगली असते. साधारण वर्षभरात ते वयात येतात. तेव्हा वरून बघा: मादी रुंद, पोटाशी गोलसर, नरापेक्षा ठसठशीत मोठी, नर सडपातळ. एका मादीमागे दोन नर हे प्रमाण उत्तम.

आणलेले मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. रोग बाहेर पडायचा असेल तर एवढ्या दिवसांत पडतो.

टाकी आणि वाळू

सहा-आठ कॉरींना दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी पुरते. भरून पन्नास लिटरच्या आसपास पाणी. उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, कारण यांचा संसार तळाशी. पाण्याच्या वर आणि झाकणाच्या खाली दोन-तीन इंच हवा मोकळी ठेवा. कॉरी मधूनमधून सुसाट वर जातो, हवेचा घोट घेतो आणि खाली येतो. ती हवा तो आतड्याच्या मागच्या भागातून शोषतो. अधूनमधून असं करणं नैसर्गिक आहे. सगळी टोळी दर मिनिटाला वर धावू लागली तर मात्र पाणी बिघडलंय असं समजा.

तळाला बारीक, गोल कणांची नदीची वाळू हवी, एक इंच थर पुरे. हल्ली बांधकामावर जी दगड फोडून केलेली वाळू असते ती धारदार असते, ती चालणार नाही. दुकानातली रंगीत खडीही नको. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे पाणी कठीण करते, म्हणून तीही नको. शंका असेल तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका; फेस आला तर ती वाळू परत. रव्याच्या चाळणीने चाळून खडे काढा आणि बादलीत पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. दहा-बारा पाणी लागतात, कंटाळू नका.

मिशा झडण्याचा दोष लोक फक्त वाळूच्या धारेवर ढकलतात. धार असतेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे वाळूत साचलेली घाण. मिशी आधी खरचटते, मग घाणीत कुजते. म्हणून आठवड्यातून एकदा नळीने वाळूचा वरचा थर उपसून स्वच्छ करा.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा आहे. स्वस्त, शांत, आणि पिल्लांना ओढून घेत नाही. नवीन टाकी असेल तर मासे टाकण्याआधी ती चार ते सहा आठवडे चालवून तिच्यात माशांची घाण पचवणारे जिवाणू बसू द्या. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे त्या घाणीतून होणारी विषं, चाचणीत शून्य दिसली की मगच मासे. याच टाकीत एक जादा स्पंजही टाकून ठेवा. पिल्लांच्या टाकीसाठी तो पुढे सोन्यासारखा उपयोगी पडतो.

आणखी एक, पावसाळ्यात लाइट जाते. मोठ्या माशांना तास-दोन तास निभावतं, कारण ते हवा पितात. अंड्यांना आणि पिल्लांना निभावत नाही. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात आधीच आणून ठेवा.

जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास अशा सावलीतल्या वनस्पती आणि एखादं लाकूड द्या. लपायला जागा असेल तरच कॉरी धीट होतात.

पाणी

धरणाचं नळाचं पाणी बहुधा मऊ असतं आणि ब्राँझला ते छान चालतं. बोअरचं आणि टँकरचं पाणी कठीण असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, तो घ्या. बोअरच्या पाण्यात मोठे मासे जगतात, अंडीही घालतात, पण अंडी फळण्याचं प्रमाण घसरतं. तेव्हा निम्मं आरओचं पाणी मिसळा. पीएच साडेसहा ते साडेसात यांत असला की तो आकडा विसरून जा. आज एक आणि उद्या दुसरा अशी ओढाताण औषधं घालून केली तर माशांना जास्त त्रास होतो.

क्लोरीन मात्र काढायलाच हवं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि पाणीपुरवठ्यात क्लोरीनचा डोस वाढतो, म्हणजे नेमकं आपण जास्त पाणी बदलतो त्याच दिवसांत. अँटी-क्लोरीन वापरा किंवा बादलीतल्या पाण्यात एअर पंपाच्या नळीला हवेचा दगड (बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र तुकडा) लावून तो दिवसभर चालू ठेवा.

पोटभर खाऊ घालणं

एप्रिल-मे हे तयारीचे महिने. अंडी मादीच्या पोटात खाण्यातून तयार होतात, त्याला दुसरा रस्ता नाही. मी रोज दोन वेळा खाणं घालतो. सकाळी बुडणाऱ्या गोळ्या, रात्री दिवा बंद केल्यावर काहीतरी मांसल: गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवलेसे झिंग्यासारखे जीव), किंवा बागेतलं स्वच्छ गांडूळ धुऊन, पात्याने अगदी बारीक चिरून. गांडुळाइतकं दुसऱ्या कशानेही मादीचं पोट पटकन भरत नाही असा माझा अनुभव आहे. कीटकनाशक मारलेल्या कुंडीतलं गांडूळ मात्र नको. बाजारात पिशवीत मिळणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे मी वापरत नाही. ते सांडपाण्याच्या गाळातून येतात आणि एका वाटीबरोबर काय काय घरात येईल सांगता येत नाही.

जोडीला दुसऱ्या माशांची गर्दी असेल तर ती काढा. टेट्रा, गप्पी अंडी खातात, आणि त्याआधी कॉरींचं खाणंही.

तीन-चार आठवड्यांत माद्या वरून पेरूच्या आकाराच्या दिसू लागतात. मग पुढची पायरी.

पाऊस पाडणं

त्यांच्या मुलखात कोरड्या दिवसांत पाणी कमी, गरम आणि साचलेलं असतं. मग पाऊस येतो, थंड आणि मऊ पाणी येतं, खाणं वाढतं आणि मासे अंडी घालतात. आपल्याला हाच क्रम टाकीत आणायचा आहे.

आधी उन्हाळा करा. दहा-बारा दिवस पाणी फार बदलू नका, पातळी दोन-तीन इंच खाली जाऊ द्या, तापमान २६-२७ अंशांच्या आसपास राहू द्या. घाण मात्र साचू देऊ नका. खाणं थोडं कमी करा आणि उरलेलं उचला. खोलीच ३१-३२ अंशांवर असेल तर टाकीवर पंखा लावा. तेवढ्या गरमीत अंडी मागू नका.

मग, शक्यतो ढग भरून आलेल्या संध्याकाळी, निम्मं पाणी काढा आणि तेवढंच तीन-चार अंशांनी थंड, मऊ, क्लोरीन काढलेलं पाणी घाला. हवेचा दाब उतरतो त्या दिवशी ही युक्ती जास्त लागू पडते. अनेक जण हे सांगतात आणि माझ्या वहीतल्या तारखाही तेच सांगतात. पाणी बागेच्या झारीने हळूहळू ओता. पृष्ठभागावर थेंब पडायला लागले की दहा मिनिटांत नर चळवळ सुरू करतात, तुम्ही समोर बसून बघू शकता.

थंड पाणी कुठून आणायचं? कोरड्या हवेत जुन्या माठात रात्रभर ठेवलेलं पाणी आयतं थंड मिळतं. पावसाळ्यात हवा दमट, माठ पाझरला तरी बाष्पीभवन कमी होतं आणि पाणी फारसं गार होत नाही. तेव्हा बर्फ झालेली बंद बाटली बादलीत तरंगत ठेवा आणि थर्मामीटर बघून काढून घ्या. थर्मामीटर न बघता ओतू नका. एकदम सात-आठ अंशांचा फरक माशांना आजारी पाडतो.

सकाळी अंडी नसली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसरा हिस्सा पाणी बदला, पुन्हा थंड. तीन-चार दिवस करा. तरीही काही झालं नाही तर थांबा, दोन आठवडे नीट खाऊ घाला आणि पुन्हा पहिल्यापासून. रोज रोज थंड पाण्याचा मारा करत राहिल्याने फक्त मासे खंगतात.

अंडी घालताना

हे एकदा तरी शांत बसून बघावं. दोन-तीन नर मादीच्या मागे काचेवर वर-खाली करतात, तिच्या डोक्यावर, पाठीवर मिशा घासतात. मग एक नर तिच्यासमोर आडवा होतो आणि मादी त्याच्या पोटाला तोंड लावते. वरून इंग्रजी टी अक्षर दिसतं. काही सेकंद दोघं थरथरतात. त्याच वेळी मादी पोटाखालचे दोन पंख जोडून ओंजळ करते आणि तिच्यात दोन, चार, कधी आठ-दहा अंडी येतात. ती ओंजळ सांभाळत ती वर जाते, काचेची एक जागा तोंडाने साफ करते आणि पोट टेकवून अंडी चिकटवते. परत खाली, परत नवा नर.

नराचं बीज अंड्यांपर्यंत कसं पोहोचतं याचं कोडं बराच काळ होतं. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी याच ब्राँझ कॉरीवर प्रयोग करून दाखवलं की मादी ते तोंडाने पिते, ते तिच्या आतड्यातून झटपट पार होतं आणि पंखांच्या ओंजळीत अंड्यांवर सुटतं. माझ्या पोरांना हे सांगितल्यापासून ती दर पावसाळ्यात टाकीसमोर बसतात.

हे सगळं काही तास चालतं. मध्ये हात घालू नका, दिवा लावू नका. भरदार मादी शंभर-दीडशे अंडी सहज घालते.

अंडी काढणं

घालणं थांबलं की मोठे मासे अंडी शोधून खाऊ लागतात, म्हणून त्याच दिवशी काढा. अगदी ताजी अंडी मऊ असतात. तीन-चार तासांनी कवच घट्ट होतं, तेव्हा काढणं सोपं जातं. धुतलेल्या, साबण नसलेल्या बोटाच्या पेराने अंड्याला काचेवर हलकेच लोळवा. ते सुटतं आणि बोटालाच चिकटतं. मग डब्याच्या भिंतीला टेकवून पुन्हा लोळवलं की तिथे बसतं. जुनं एटीएम कार्डही चालतं, पण बोट जास्त कळतं. पानांवरची अंडी पानासकट कापून घ्या. अंडी एकमेकांपासून सुटी बसवा. गठ्ठ्यात एक कुजलं की बुरशी शेजारच्यावर चढते.

ज्यांना हे नाजूक वाटतं त्यांनी गडद हिरव्या ॲक्रिलिक लोकरीचा झुबका गरम पाण्यात धुऊन टाकीत टांगावा. मासे त्यात बरीच अंडी घालतात आणि झुबकाच उचलता येतो.

डबा म्हणून तीन-चार लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या आणि तो त्याच टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान आपोआप सारखं राहतं. पाणी टाकीतलंच. एका कोपऱ्यात हवेचा दगड, बुडबुडे इतके मंद की अंडी हलताना दिसावीत, उडू नयेत. बुरशी रोखायला मिथिलीन ब्लू हे निळं औषध, पाणी फिकट आकाशी होईल इतकेच थेंब. त्याचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, हे आधी सांगून ठेवतो.

मिथिलीन ब्लू नको असेल तर आपल्या रस्त्यांवर, सोसायट्यांत सगळीकडे असलेल्या देशी बदामाचं पान वापरा. झाडावरून स्वतःहून गळलेलं, लालसर-तपकिरी होऊन वाळलेलं पान. धुऊन, पाच मिनिटं उकळून, चार लिटरला अर्धं पान. त्यातून उतरणाऱ्या टॅनिनने पाणी चहासारखं होतं आणि बुरशी आटोक्यात राहते. वर्दळीच्या रस्त्यावरचं धुरकटलेलं पान घेऊ नका. मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या. आता पानावरच भागवतो, कारण पिल्लं बाहेर आल्यावर तेच पान त्यांना लपायला आणि चरायला मिळतं.

दुसऱ्या दिवसापासून निवड सुरू. फळलेली अंडी मधासारखी, मग तपकिरी होत जातात. न फळलेली दुधी पांढरी पडतात आणि त्यांवर कापसासारखी लव येते. पांढरी अंडी ड्रॉपरने रोज दोनदा काढा. निम्मं पाणी रोज बदला. तिसऱ्या दिवशी भिंगातून बघितलं तर अंड्यात दोन काळे डोळे दिसतात आणि मधूनच आतलं पिल्लू झटका देतं. २५ अंशांना चौथ्या दिवसाच्या आसपास ती फुटतात. पाणी गार असेल तर एखाद-दोन दिवस जास्त.

तीन धोक्याचे आठवडे

अंड्यातून निघालेलं पिल्लू अर्धा सेंटिमीटर लांब, काचेसारखं पारदर्शक आणि पोटाला पिवळट बलकाची पिशवी. दोन-तीन दिवस ती पिशवीच त्याचं जेवण. या दिवसांत काहीही घालू नका. अंड्यांची टरफलं आणि निळं पाणी नळीने काढा, एवढंच काम.

माझी पहिली नव्वद पिल्लं मी इथेच घालवली. बलक संपायच्या आधीच उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घातला, कारण तसं ऐकलं होतं. रात्रीत पाण्याला वास आला आणि सकाळी फक्त अकरा पिल्लं उरली होती. तेव्हापासून बलक कधीच नाही. एवढ्याशा पाण्यात तो सगळ्यात पटकन सडतो.

योग्य खाणं दोनच: मायक्रोवर्म (अगदी बारीक कृमी) आणि ताजी फुटलेली आर्टेमिया. दोन्हीची तयारी अंडी यायच्या आधी हवी.

मायक्रोवर्मचं विरजण एखाद्या छंदी मित्राकडून आणा. चपट्या डब्यात ओट्सची घट्ट लापशी अर्धा इंच पसरा, गार झाल्यावर चिमूटभर यीस्ट आणि चमचाभर विरजण घाला. झाकणाला भोकं पाडून आतून कापड लावा, नाहीतर चिलटं शिरतात. चार-पाच दिवसांत कृमी भिंतींवर चढू लागतात. त्या स्वच्छ बोटाने पुसून थेट पिल्लांच्या पाण्यात धुवायच्या. लापशी पातळ झाली, उग्र वास आला की नवा डबा लावा. मी नेहमी दोन डबे ठेवतो, एक मेला तर दुसरा.

आर्टेमियासाठी लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम खडे मीठ आणि पाव चमचा आर्टेमियाची अंडी. बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा, नळी तळापर्यंत सोडून जोरात हवा द्या. २६-२८ अंशांना चोवीस ते तीस तासांत नारिंगी ठिपके नाचू लागतात. हवा बंद करा, दहा मिनिटं थांबा: टरफलं वर तरंगतात, आर्टेमियाची पिल्लं खाली बसतात. खालून नळीने काढून जुन्या सुती रुमालातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा, मग घाला. मीठ धुतलंच पाहिजे.

दिवसातून तीन वेळा, अगदी थोडं. खाल्लं की नाही हे ओळखायला भिंग घ्या: आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाचं पोट आरपार केशरी दिसतं. मला सगळ्या खटाटोपात हाच क्षण सर्वांत जवळचा आहे. तळाला पसरलेली शंभर केशरी पोटं दिसली, की त्या दिवसापुरती काळजी मिटते.

आणि मग स्वच्छता. कॉरीची पिल्लं तळाला टेकून राहतात, म्हणजे जिथे उरलेलं खाणं सडतं नेमकी तिथेच त्यांची तोंडं आणि पोटं. गप्पीची पिल्लं वर पोहत निभावून नेतात, ही नाही नेत. प्रत्येक खाण्यानंतर तासाभराने एअर पंपाच्या बारीक नळीने तळ ओढून घ्या. नळीच्या दुसऱ्या टोकाला पांढरी वाटी ठेवा, कारण दोन-चार पिल्लं हमखास त्यात येतात. ती ड्रॉपरने परत सोडा. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, पाणी त्याच तापमानाचं, मोठ्या टाकीतलं घेतलं तर उत्तम.

आठवडाभराने पिल्लं डब्यातून दहा-पंधरा लिटरच्या टाकीत हलवा. तिथे तो जादा स्पंज लावा. त्यात जिवाणू आधीच बसलेले असतात, आणि पिल्लं दिवसभर त्यावर चरत बसतात. तळाला वाळूचा अगदी पातळ, दोन-तीन मिलिमीटरचा थर द्या. काहीजण तळ उघडा ठेवतात. काच पुसायला सोपी हे खरं, पण रोज पुसली नाही तर तिच्यावर बुळबुळीत थर धरतो आणि पिल्लांच्या पोटाला संसर्ग होतो. नोकरी करणाऱ्याला दिवसातून तीनदा काच पुसणं जमत नाही, म्हणून मी वाळूच्या बाजूने आहे. सोबत पाच-सहा गोगलगायी सोडा, उरलंसुरलं त्या खातात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रोज दोन-तीन पिल्लं मरत असतील तर औषधाच्या मागे धावू नका. खाणं निम्मं करा, पाणी बदलणं दुप्पट करा. बहुतेक वेळा दोन दिवसांत मरणं थांबतं.

चौथ्या आठवड्यापुढे

एव्हाना पाठीचा पंख, मिशा, अंगावरचे ठिपके सगळं दिसू लागतं. बुडणाऱ्या गोळ्यांची पूड सुरू करा, आर्टेमिया हळूहळू कमी करा. मोठ्या टाकीची घाई करा, कारण गर्दीत वाढ खुंटते. पन्नास पिल्लांना दोन फुटी टाकी हवीच. दोन महिन्यांत ती पाऊण इंचाच्या आसपास होतात आणि मोठ्यांच्या टाकीत सोडता येतात, कोणी त्यांना खात नाही.

शंभर पिल्लं जगली तर ठेवणार कुठे, याचा विचार अंडी काढतानाच करा. सगळी अंडी काढायची सक्ती नाही. मी चाळीस-पन्नासच घेतो. छंदी मित्र, ओळखीचं दुकान, शाळेची टाकी यांना सहा-सहाच्या गटाने द्या. नदीत, तलावात किंवा मंदिराच्या कुंडात एकही सोडू नका. टाक्यांतून सोडून दिलेल्या सकर माशाने आपल्या देशातल्या कितीतरी जलाशयांत ठाण मांडलं आहे, आणि एकदा बसलेला मासा कोणी काढू शकत नाही.

देताना जाळी वापरू नका. छातीच्या पंखांचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना मोडतात. प्लास्टिकच्या पेल्यात हाकलून घ्या. घाबरलेला कॉरी अंगातून विषारी स्राव सोडतो आणि छोट्या पिशवीत त्याच स्रावाने सगळे मरू शकतात. म्हणून निघायच्या आधी पिल्लांना अर्धा तास एका बादलीत बसू द्या, त्या पाण्यावर फेस आला तर पाणी बदला, आणि मगच ताज्या पाण्याने भरलेल्या मोठ्या पिशवीत सहा-सहा घाला. पिशवीचे कोपरे रबर लावून गोल करा, नाहीतर पिल्लं कोपऱ्यात चेंगरतात. एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, वरून वर्तमानपत्र गुंडाळून अंधार. बरोबर मूठभर तुमच्या टाकीतली वाळू आणि चार दिवसांचं खाणं द्या, आणि घेणाऱ्याला बजावून सांगा की हे टाकी साफ करणार नाहीत, यांना रात्री दिवा बंद केल्यावर वेगळं खाणं घालायचं आहे.